बॅलीकॅसल (काउंटी मेयो, आयर्लंड): पीटखाली गाडली गेलेली साडेपाच हजार वर्षांपूर्वीची शेतं

रानजाई

आयर्लंडचा प्राचीन वारसा म्हटलं की न्यूग्रेंज, टारा आणि ग्लेंडलॉख ही तीन नावं हमखास येतात. तिन्ही ठिकाणं डब्लिनहून एका दिवसात जाऊन येण्याजोगी, त्यामुळे आपली बहुतेक मंडळी तेवढंच बघून परततात. हा धागा काढलाय तो देशाच्या पार दुसऱ्या टोकाच्या एका खेड्यासाठी. काउंटी मेयोच्या उत्तर किनाऱ्यावरचं बॅलीकॅसल. चढणीचा एकच मुख्य रस्ता, दोन्ही बाजूंना रंगवलेली घरं, काहीशे वस्ती. जवळचं बाजाराचं गाव बॅलिना, तेही पंचवीसेक किलोमीटरवर.

या गावाच्या पंचक्रोशीत जे सापडलंय ते मला न्यूग्रेंजच्या तोडीचं वाटतं, किंबहुना थोडं जास्तच मोलाचं. न्यूग्रेंज हे थडगं आहे. लोकांनी बघावं, दिपून जावं म्हणूनच ते उभारलं. बॅलीकॅसलजवळ सापडली ती शेतं. बांध घातलेली, वाटण्या केलेली, गुरं चारायची साधी शेतं, आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते तीही न्यूग्रेंजच्या आधीची. केजे फील्ड्स म्हणतात त्यांना.

शोधाची हकीकत सविस्तर सांगते, कारण सगळं मर्म तिच्यातच आहे.

या भागात झाडी कमी, त्यामुळे चुलीत जळण म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पीट वापरलं जायचं. पीट म्हणजे पाणथळ जमिनीत हजारो वर्षं न कुजता साचत गेलेलं शेवाळ, गवत, झाडझुडूप. स्लॉन नावाचं खास फावडं असतं, त्याच्या पात्याला बाजूने काटकोनात आणखी एक पातं. एका दाबात लांबट विटेसारखा काळाभोर, ओला तुकडा कापून निघतो. ते तुकडे आधी पसरून ठेवायचे, मग चार-पाच एकमेकांना टेकवून उभे करायचे, वाऱ्याने वाळले की घरी न्यायचे. असं कापत कापत लोक दरवर्षी थोडे खाली आणि थोडे आत सरकत जातात.

बॅलीकॅसलच्या पश्चिमेला किनाऱ्याकिनाऱ्याने गेलं की बेल्डेरिग लागतं. तिथल्या शाळेत पॅट्रिक कॉलफील्ड नावाचे मास्तर होते. १९३०च्या दशकात पीट कापताना तळाशी त्यांना दगडांच्या राशी लागू लागल्या. दगड लागणं नवलाचं नव्हतं, गावातल्या सगळ्यांनाच ते लागत होते. मास्तरांनी दोन गोष्टी हेरल्या. एक, हे दगड विस्कटलेले नव्हते, ओळीने होते. दुसरी, आणि ही फार महत्त्वाची, ते पीटच्या आत नव्हते, पीटच्या खाली होते, मूळ मातीवर टेकलेले. म्हणजे ज्यांनी कुणी ते रचले त्यांनी पीट साचायला लागायच्या आधी रचले. आणि पीट साचायला हजारो वर्षं लागतात. मग हे बांध किती जुने असतील?

त्यांनी डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयाला पत्र लिहून कळवलं. त्या काळात तिथून एवढ्या लांब येऊन खोदकाम करायला ना पैसा होता ना माणसं. विषय तिथेच थांबला. पण मास्तरांचा मुलगा शेमस पुढे पुरातत्त्व शिकला, डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकवू लागला, आणि १९७०च्या आसपास वडिलांनी दाखवलेल्या त्या दगडांकडे परत आला.

आता प्रश्न असा की काही ठिकाणी चार मीटरपर्यंत जाड असलेल्या पीटखालचे बांध शोधायचे कसे? सगळं खोदायचं तर अनेक पिढ्या जातील, शिवाय खोदलं की जपून राहिलेलं उघडं पडून खराब होणार. शेमस कॉलफील्डनी गावचीच जुनी पद्धत उचलली. पीटमध्ये पुरलेली जुनी लाकडं शोधायला इथले लोक लांब लोखंडी गज वापरत. घराच्या छपराला ते लाकूड चांगलं. तोच गज हातात घेऊन ते आणि त्यांचे विद्यार्थी माळावर उतरले. गज पीटमध्ये लोण्यात सुरी जावी तसा शिरतो आणि खालच्या मातीला टेकला की थांबतो. एका रेषेत थोड्या थोड्या अंतरावर टोचत जायचं. गज एकदम वरच अडला, दगडाचा टणत्कार हाताला जाणवला, की खाली बांध आहे. तिथे एक बांबूची काठी रोवायची, पुढे जायचं. दिवसाअखेरीस मागे वळून पाहिलं की उघड्या माळावर काठ्यांची सरळ रांग उभी दिसते, आणि जमिनीला ओरखडाही न काढता पाच हजार वर्षांपूर्वीचा बांध नकाशावर येतो.

असे बांध मोजत मोजत दहा चौरस किलोमीटरहून जास्त क्षेत्र नकाशात आलं. समुद्राच्या कड्यापासून आत डोंगरावर जाणारे लांबच लांब समांतर बांध, काही तर दोन किलोमीटरपर्यंत सलग, दोहोंमध्ये दीडशे-दोनशे मीटर अंतर. मध्ये आडवे बांध घालून पाडलेली शेतं. अधूनमधून छोटी गोलसर कुंपणं, त्यांत घरं असावीत. त्यातलं ग्लेनुलराचं कुंपण खोदलं तेव्हा चूल, खांबांच्या खळग्या, मातीची भांडी आणि गारगोटीची हत्यारं मिळाली.

खापरं आणि दगडाखेरीज पुरावा मिळतो तो परागकणांचा. पीटमध्ये हाडं टिकत नाहीत, आम्लामुळे विरघळतात, पण परागकण हजारो वर्षं तसेच राहतात. गॉलवे विद्यापीठाच्या कॅरेन मलॉय आणि मायकल ओ'कॉनेल यांनी इथल्या पीटचे थर तपासले. खालच्या थरात पाइन, बर्च अशा झाडांचे पराग, मग ते अचानक घटतात आणि गवताचे, चराऊ रानात वाढणाऱ्या तणांचे पराग वाढतात. म्हणजे जंगल तोडून कुरणं केली. हे साधारण इ.स.पूर्व ३७०० ते ३२०० या काळात. त्यानंतर झाडांचे पराग पुन्हा वाढतात. पाचेकशे वर्षं नांदून माणसं इथून निघून गेली, रान परत आलं आणि हळूहळू पीटने सगळं झाकून टाकलं.

राजाचं नाव नाही, लढाईची तारीख नाही, सोनं नाही. तरीही इथे आपल्याला शेतकऱ्यांची अख्खी वस्ती, तिच्या वाटण्यांसकट, जागच्या जागी मिळाली आहे. आयरिश सरकारने जागतिक वारसा यादीसाठीच्या संभाव्य स्थळांत २०१० साली केजे फील्ड्सचं नाव घातलं होतं. अजून ते मुख्य यादीत गेलेलं नाही. जायलाच हवं असं माझं ठाम मत आहे.

कुणी तिकडे राहत असाल, जाऊन आला असाल, तर भर घाला. प्रश्नही विचारा.

---

आडगावची

सुरेख लिहिलंय. वाचतेय, आणखी येऊ द्या.

---

गलबत

रानजाईताई, एक शंका. पीट पाणथळ जमिनीत साचतं म्हणता, तर आमच्या कोकणात तर धो धो पाऊस. तीन हजार मिलिमीटर सहज पडतो. मग तिथे पीट का नाही?

---

रानजाई

@गलबत, छान प्रश्न. एकूण पाऊस किती यापेक्षा तो कसा पडतो हे महत्त्वाचं. मेयोत तुमच्या निम्माही पडत नसेल, पण तो वर्षभर, तीनांतले जवळजवळ दोन दिवस भुरभुरत असतो. ऊन कमी, गारवा कायम. जमीन कधी कोरडी पडतच नाही. पाण्याने भरलेल्या जमिनीत हवा शिरत नाही, हवा नाही म्हणून जंतू काम करत नाहीत, म्हणून मेलेलं शेवाळ-गवत कुजत नाही, एकावर एक साचत राहतं. कोकणात चार महिने पाऊस आणि नंतर आठ महिने उकाडा. जे काही साचेल ते तेवढ्यात कुजून माती होतं.

इथे आणखी एक गोष्ट घडली असावी. झाडं तोडल्यावर जमिनीतलं पाणी शोषून घेणारं कुणी उरलं नाही, आणि पावसाने क्षार खाली वाहून नेऊन एक कठीण थर तयार झाला, ज्यातून पाणी झिरपेना. पीट वाढायला शेतकऱ्यांच्याच जंगलतोडीने हातभार लावला की हवामान बदललं, यावर अभ्यासकांत एकमत नाही. दोन्ही मिळून झालं असावं असं मला वाटतं.

---

शंकासूर

लेख आवडला, पण एक बाजू राहिली आहे म्हणून लिहितो. या शेतांच्या वयावर वाद आहे. अँड्र्यू व्हाइटफील्ड यांनी २०१७ साली एक शोधनिबंध लिहून म्हटलंय की हे बांध नवाश्मयुगातले (शेती सुरू झाली त्या दगडी हत्यारांच्या काळातले) नाहीतच, कांस्ययुगातले असावेत, म्हणजे दीड-दोन हजार वर्षांनी अलीकडचे. त्यांचं म्हणणं असं की रेडिओकार्बनच्या (कोळसा, लाकूड अशा एकेकाळी सजीव असलेल्या वस्तूंचं वय काढायच्या पद्धतीच्या) तारखा ज्या वस्तूंच्या आहेत त्या थेट बांधाखालच्या नाहीत. चुलीतल्या कोळशाचं वय कळलं म्हणजे शेजारच्या बांधाचं वय कळलं असं होत नाही. शिवाय युरोपात इतरत्र अशी समांतर आखीव शेतं दिसतात ती कांस्ययुगात, इंग्लंडमधल्या डार्टमूरची घ्या. मग आयर्लंडच्या एकाच कोपऱ्यात ती दोन हजार वर्षं आधी कशी? प्रश्न रास्त आहे. "जगातली सगळ्यात जुनी शेतं" असं पाटीवर लिहिलं म्हणून ते मान्य करू नये.

---

खापरकुट्या

@शंकासूर, मी पुरातत्त्वाचा विद्यार्थी आहे, या वादावर आमच्याकडे चर्चा झाली होती. व्हाइटफील्ड यांचा आक्षेप हलक्यात घेण्यासारखा नाही हे खरं. दगडाच्या बांधाचं वय काढणं सगळीकडेच अवघड, कारण दगडाला रेडिओकार्बन लागू नाही.

पण दुसरी बाजू बरीच भक्कम आहे. या परिसरात पीटमध्ये पाइनचे जुने बुंधे सापडतात. ते झाड पीटवर वाढलेलं, मुळं पीटमध्येच पसरलेली. या बुंध्यांचं वय थेट काढता येतं आणि ते चार हजार वर्षांच्या पलीकडे जातं. पीटवर झाड वाढलं तेव्हा खालचे बांध आधीच झाकले गेले असतील, तर बांध त्याहून जुनेच. त्यात परागकणांतून दिसणारा शेतीचा मोठा कालखंड इ.स.पूर्व ३७००-३२०० चा. बांध कांस्ययुगातले मानले तर त्या काळात एवढ्या मोठ्या कुरणांची खूण परागांत ठळक दिसायला हवी.

वाद अडतो तो नेमका या बुंध्याखाली नेमका हा बांध होता का, या मुद्द्यावर. माझा कल नवाश्मयुगाकडेच आहे. मात्र बांधाच्या थेट खालच्या मातीचे नमुने आणखी घेतले जायला हवेत.

---

रानजाई

@शंकासूर, बरं झालं लिहिलंत. वाद दडवून वारसा मोठा होत नाही. मीही खापरकुट्यांसारखीच नवाश्मयुगाच्या बाजूची.

आणि या वादाबाहेरचं एक उदाहरण याच पंचक्रोशीत आहे, बॅलीग्लास. तिथे दगडी दालनांचं, मध्ये अंगण असलेलं थडगं आहे. शॉन ओ नुअलॉन यांनी १९७०च्या सुमारास ते खोदलं, तर थडग्याखाली एका लाकडी घराचा पाया निघाला. आयताकृती, सुमारे १३ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद. लाकूड कधीच गेलं, पण भिंतीसाठी खणलेली चर आणि खांबांचे खळगे मातीच्या वेगळ्या रंगामुळे स्पष्ट दिसले. लोकांनी आधी तिथे घर बांधलं, ते उतरवलं, आणि त्याच जागेवर मृतांसाठी दगडी वास्तू उभी केली. शेतांच्या वयाबद्दल कुणाचं काहीही मत असो, साडेपाच हजार वर्षांपूर्वी इथे घरं करून राहणारे शेतकरी होते हे या घरातून पक्कं होतं.

---

बांधावरचा

मी शेतकरी आहे, पुरातत्त्वातलं काही कळत नाही, पण बांधातलं कळतं. दोन किलोमीटर सरळ समांतर बांध एकट्यादुकट्या कुटुंबाने घातलेला नसणार. आमच्याकडे जमीन वाटत गेली तसतसे बांध वेडेवाकडे पडत गेले, कारण प्रत्येक वाटणी वेगळ्या वेळी. इथे आधी रेघ ठरली आणि मग शेतं पडली असं दिसतंय. म्हणजे गाव आधी एकत्र बसलं असणार. यावर अभ्यासकांचं काय म्हणणं आहे? आणि पीक काय घ्यायचे? दगडी बांध किती उंच होता?

---

रानजाई

@बांधावरचा, तुम्ही अगदी नेमकं पकडलंत. शेमस कॉलफील्ड यांचंही हेच म्हणणं. मोठे उभे बांध आधी, मग त्यांच्यामधले आडवे. एवढी दगडांची वाहतूक बऱ्याच कुटुंबांनी संगनमताने केल्याशिवाय होत नाही. घरं एका जागी गर्दी करून नव्हती, शेताशेतांत विखुरलेली होती, भोवती तटबंदी नाही. त्यावरून त्यांनी असंही मांडलं की ही माणसं बरीचशी निर्धास्त राहत असावीत.

बांध आता ढासळलेले आहेत, काही ठिकाणी गुडघ्याएवढे, काही ठिकाणी त्याहून थोडे जास्त. वर झुडपी कुंपण असेल तर ते उरलेलं नाही. मुख्य धंदा गुरांचा. शेतांचे आकार मोठे, ते चराईलाच सोयीचे. तेव्हा हवा आजच्यापेक्षा थोडी उबदार होती, त्यामुळे गुरं बहुधा बारा महिने बाहेर चरत. आयर्लंडमधल्या नवाश्मयुगीन खापरांत मुरलेल्या चरबीची तपासणी झाली आहे, त्यात दुधाच्या स्निग्धांशाचं प्रमाण खूप निघालं. म्हणजे दुभती जनावरं होती, दूध तापवणं-साठवणं चालत होतं. थोडंफार गहू-जवही पिकवत. बेल्डेरिगला तर पीटखाली नांगराच्या आडव्याउभ्या रेघा मिळाल्या आहेत, आणि कांस्ययुगातलं एक गोल घर. तिथे लोक पुन्हा कसायला आले होते.

---

पश्चिमवारा

मी गॉलवेला राहतो, या भागात अधूनमधून जाणं होतं, म्हणून थोडी भर.

बॅलीकॅसलला गेलात तर फक्त शेतं बघून फिरू नका. गावाच्या उत्तरेला पाचेक किलोमीटरवर डाउनपॅट्रिक हेड नावाचं भूशिर आहे. त्याच्यासमोर समुद्रात डून ब्रिश्टे हा खडकाचा सुटा सुळका उभा, थरांवर थर दिसणारा, पन्नास मीटरच्या आसपास उंच. पूर्वी तो जमिनीला जोडलेला होता. १३९३ साली वादळात मधला भाग कोसळला आणि वर राहणाऱ्या लोकांना दोरांनी सोडवावं लागलं अशी परंपरेने चालत आलेली हकीकत. शेमस कॉलफील्ड सहकाऱ्यांसह १९८०च्या सुमारास हेलिकॉप्टरने त्या सुळक्यावर उतरले होते आणि तिथे खरोखरच जुन्या दगडी इमारतींचे अवशेष मिळाले. म्हणजे लोकांच्या बोलण्यात तथ्य होतं.

भूशिरावर सेंट पॅट्रिकच्या नावाचं जुनं चर्च पडक्या अवस्थेत आहे. जुलैच्या शेवटच्या रविवारी लोक तिथे प्रार्थनेला जमतात. जवळच जमिनीत एक मोठं भगदाड आहे, खाली थेट समुद्र. १७९८ साली जनरल हंबर्टचं फ्रेंच सैन्य किलालाच्या उपसागरात उतरलं आणि उठाव झाला. तो मोडल्यावर इंग्रजी फौज माग काढत आली तेव्हा काही गावकरी या भगदाडात दोराने उतरून लपले. त्यांना वर काढायला वेळेत कुणी येऊ शकलं नाही, भरतीत ते बुडाले. तिथे स्मारक आहे. आणि दुसऱ्या महायुद्धातली खूणही आहे. पांढऱ्या दगडांनी जमिनीवर देशाचं नाव आणि ६४ हा आकडा लिहिलेला, वरून जाणाऱ्या वैमानिकांना तटस्थ देश कळावा म्हणून.

---

आडगावची

बाप रे, भगदाडाची हकीकत वाचून काटा आला अंगावर.

पश्चिमवारा, तिथे अजून पीट जाळतात का? हवामानाच्या दृष्टीने ते बंद होतंय असं वाचलं होतं.

---

पश्चिमवारा

जाळतात, पण कमी झालंय. ऑक्टोबर २०२२च्या अखेरीस दुकानांतून आणि ऑनलाइन विक्रीवर बंदी आली. ज्यांचा पिढीजात कापण्याचा हक्क आहे ते स्वतःपुरतं कापू शकतात. गावाकडे यावर भावना तीव्र आहेत. म्हाताऱ्या माणसांचं अख्खं घर त्या एका चुलीवर ऊब धरतं, त्यांना पर्याय महाग पडतो. दुसऱ्या बाजूला पीट एकदा कापलं की गेलं, आणि त्यात साठलेला कार्बन हवेत जातो. माझ्या मते जिथे बांध आहेत तो टापू तरी अजिबात हलवू नये. खालचं सगळं टिकलं ते वरच्या पीटमुळेच.

---

खापरकुट्या

+१. पुरातत्त्वाच्या दृष्टीने न खोदणं हेच जतन. पुढच्या पिढीकडे आपल्यापेक्षा चांगली साधनं असतील.

---

गलबत

पुढच्या उन्हाळ्यात मुलीकडे डब्लिनला जाणार आहे. गाडी भाड्याने घेऊन जायचं ठरवतोय. सगळं जमिनीखाली आहे म्हणता, मग बघायला नक्की काय मिळेल? बायको विचारतेय की एवढ्या लांब जाऊन नुसतं गवत तर दिसणार नाही ना.

---

रानजाई

@गलबत, वहिनींना सांगा, दिसतं बरंच. १९९३ साली उघडलेलं माहिती केंद्र आहे, पिरॅमिडच्या आकाराचं, निम्मं पीटनेच झाकलेलं, वरच्या टोकाला काच. आत मधोमध पीटमधून काढलेलं पाइनचं खोड उभं केलंय, सुमारे ४,३०० वर्षांपूर्वीचं. बाहेर ठरावीक ठिकाणी पीट काढून बांध उघडे ठेवलेत, वाटाड्याबरोबर फिरायचं. गज टोचून दाखवायला त्यांना अवश्य सांगा, जमलं तर स्वतः टोचून बघा. वाचून कळत नाही ते हाताला एका क्षणात कळतं. रस्त्यापलीकडे शंभर मीटरहून उंच कडा आणि त्यावरून समुद्र बघायचा सज्जा आहे.

डब्लिनहून बॅलिनापर्यंत साधारण तीन-साडेतीन तास धरा, पुढे बॅलीकॅसल अर्धा तास. हिवाळ्यात केंद्र बंद असतं, तुम्ही उन्हाळ्यात जाताय ते उत्तम, तरी वेळा आधी बघून घ्या. रेनकोट आणि पाण्यात चालतील असे बूट हवेतच, छत्री त्या वाऱ्यात टिकत नाही. केंद्राच्या वाटेवरल्या डूनफीनीच्या जुन्या दफनभूमीतही थांबा. तिथे चार मीटरहून उंच एक सडपातळ उभा दगड आहे, ख्रिस्तपूर्व काळातला असावा, त्यावर नंतरच्या लोकांनी क्रूस कोरलेत. दुपारनंतर तिरकं ऊन पडलं की ते क्रूस स्पष्ट दिसतात, म्हणून शक्यतो परतीच्या वाटेवर बघा. आणि मुक्काम बॅलिनात न करता बॅलीकॅसलमध्येच करा. १९९२ पासून तिथे बॅलिनग्लेन आर्ट्स फाउंडेशन आहे, देशोदेशीचे चित्रकार येऊन राहतात, त्यांनी काढलेली याच माळांची आणि कड्यांची चित्रं बघायला मिळतात.